गॅस गिझर न्हाणीघराबाहेरच हवा
उन्हाळ्यात होरपळणाऱ्या खानदेशात डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा अनेकदा ८ अंशांखाली उतरतो, जळगावातही हुडहुडी भरते आणि घरोघरचे गॅस गिझर एकामागून एक आंघोळींसाठी सलग चालू राहतात. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेवर तासाला जवळपास १ किलो एलपीजी जाळतो आणि तेवढा गॅस पुरता जळण्यास किमान १२ घनमीटर हवा लागते. पाच बाय चार फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये मात्र जेमतेम साडेचार घनमीटर हवा असते. दार-खिडकी बंद असेल तर काही मिनिटांतच प्राणवायू घटतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ लागतो. गळती कळावी म्हणून एलपीजीत उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळलेले असते, पण कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि गंधही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी, म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या द्रव्याशी, तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो, त्यामुळे गुदमरल्याची जाणीव होण्याआधीच भोवळ येते आणि आतून लावलेल्या कडीमुळे मदतीला उशीर होतो.

थंडी लागते म्हणून बाथरूमची झडप पुठ्ठ्याने किंवा प्लॅस्टिकने बुजवण्याची सवय म्हणूनच जीवघेणी आहे. नुसता एक्झॉस्ट पंखाही पुरत नाही, कारण दाराखालून ताजी हवा आत यायला वाट नसेल तर तो बाहेर तरी काय फेकणार? गिझर गॅलरीत मोकळ्या हवेत बसवून गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी, आणि भाड्याच्या घरात हा खर्च घरमालकानेच उचलावा.