धरणकाठचं ताट

समुद्र नसलेल्या आपल्या जिल्ह्यात महामार्गावरच्या ढाब्यांना ‘मालवणी थाळी’ची भारी हौस. तिथलं पापलेट बर्फात बसून घाट चढून आलेलं असतं. खुशाल खावं, दर मात्र आधी विचारावा.

आमचं मत धरणाच्या पारड्यात. राहुरीजवळचं मुळा धरण 26 टीएमसीचं. तिथला रोहू किंवा वाम नगरी काळ्या मसाल्यात रटरटली, सोबत गरम बाजरीची भाकरी आली, की ओल्या नारळाची आठवणही होत नाही. भंडारदऱ्याला, 1926 सालच्या विल्सन धरणाशेजारी, भाकरी तांदळाची; तिथे घरगुती जेवण हवं तर आधी सांगून ठेवावं. दक्षिणेला कर्जतच्या कडेला उजनीचं पाणी. तिथली चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आली 1952 साली. गावच्या माशांची जागा तिने बळकावली हे खरं. पण तळल्यावर लागते झकास! (पलीकडच्या काठावरचं भिगवण पुणे जिल्ह्यात, तरी नगरकर तिथे जातातच.)

जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा पाटीवर ‘आजचं ताजं पापलेट’ दिसलं, तर ते कुठून आलं एवढं वाढप्याला जरूर विचारा.