काळजी करणे आणि काळजी घेणे



मराठीत 'काळजी' करता येते आणि घेताही येते. काळजी करणारा माणूस रात्रभर कूस बदलत राहतो. काळजी घेणारा औषधाची वेळ पाळतो आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख लिहून ठेवतो. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांच्या बाबतीत आपण हळूहळू पहिलीकडून दुसरीकडे येतो. एका विषयात मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या वाट्याला बहुधा पहिलीच येते. मुलगा, पुतण्या किंवा नातू समलिंगी आहे हे कळते आणि पाठोपाठ लैंगिक संसर्गाचे भय मनात घर करते. ते कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून अधिकच वाढते. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते. आज या भयाविषयी मोकळेपणाने बोलू.

भय जुने आहे, औषध नवे आहे

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ साली आढळले. आज सत्तरीत असलेले वाचक तेव्हा तिशीत होते. त्या काळी या विषाणूवर उपाय नव्हता आणि निदान म्हणजे मृत्यूची चाहूल असे समीकरण मनावर कोरले गेले. १ एप्रिल २००४ पासून मात्र आपल्या देशात सरकारी केंद्रांतून एचआयव्हीविरोधी औषधे मोफत मिळू लागली. आज वेळेवर निदान झालेला आणि गोळ्या नियमित घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो आणि सर्वसाधारण आयुष्य जगून म्हातारा होतो. पण मनातील चित्र मात्र जुन्या काळातच थांबलेले असते.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. औषधांमुळे रक्तातील विषाणूंचे प्रमाण इतके घटते की ते चाचणीत सापडत नाही. ही स्थिती टिकून असेल, तर लैंगिक संबंधांतून त्या व्यक्तीकडून जोडीदाराला एचआयव्हीची लागण होत नाही. युरोपात एक जोडीदार बाधित आणि दुसरा निरोगी अशा ७८२ समलिंगी पुरुष जोडप्यांचा काही वर्षे अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निरोधाविना सुमारे ७६ हजार संबंधांची नोंद झाली, तरीही औषधे घेणाऱ्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेली लागण शून्य होती.

धोका किती आणि कशामुळे

धोका नाहीच, असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण हजारी सुमारे दोन आहे. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये सरकारी पाहणीत ते शेकडा सुमारे तीन आढळते. तीन हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण शंभरातील सत्त्याण्णव जणांना ही बाधा नाही, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

प्रमाण अधिक असण्याची कारणे शरीरात आणि समाजात आहेत. गुदमार्गाचे अस्तर नाजूक असल्याने विषाणूला तेथून शिरकाव सोपा जातो. शिवाय ज्याला आपले आयुष्य लपवावे लागते, तो तपासणीही लपवतो, टाळतो किंवा उशिरा करतो. संसर्ग जंतूमुळे होतो. समलिंगी असण्यामुळे नव्हे. समलैंगिकता हा आजारही नाही. ती 'बरी' करण्याच्या नावाखाली केलेले उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. म्हणून 'माझ्या संगोपनात काय चुकले?' हा प्रश्न मनातून काढून टाका. त्याला उत्तर नाही, कारण चुकलेले काही नाही.

चिंतेला तारीख द्या

धास्तावलेला तरुण बहुधा रात्री जागा असतो. तो गळ्यातील गाठी चाचपतो, जीभ आरशात पाहतो आणि पुनःपुन्हा चाचण्या करतो. अहवाल निर्दोष आला की दोन दिवस बरे वाटते, मग 'प्रयोगशाळेची चूक झाली असेल तर?' ही शंका उभी राहते. घाम येणे, भूक मंदावणे, छातीत धडधडणे ही तर चिंतेचीच लक्षणे; पण त्याला ती रोगाची वाटतात.

या चक्राला छेद देणारी गोष्ट म्हणजे दिनदर्शिका. प्रत्येक संसर्गाला चाचणीत दिसण्यासाठी ठरावीक अवधी लागतो. त्याआधीची चाचणी अपुरी ठरते आणि त्यानंतर पुनःपुन्हा केलेली चाचणी नवे काही सांगत नाही. म्हणून हे टप्पे ध्यानात ठेवावेत.

पहिले ७२ तास: एचआयव्हीचा धोका निर्माण होईल असा प्रसंग घडला असेल, तर या अवधीत, शक्य तितक्या लवकर डॉक्टरांकडे जावे. संसर्ग रोखणारी औषधे २८ दिवस घ्यावी लागतात. येथे काळजी करत बसण्यात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

दोन आठवडे: परमा आणि क्लॅमिडिया यांची तपासणी साधारण या सुमारास विश्वसनीय ठरते. हे संसर्ग घशात व गुदमार्गातही होतात, तेथे अनेकदा लक्षणे नसतात आणि केवळ लघवीच्या तपासणीत ते सापडत नाहीत. म्हणून डॉक्टरांना संबंधांचे स्वरूप स्पष्ट सांगणे आवश्यक असते.

तीन महिने: एचआयव्हीची प्रयोगशाळेतील आधुनिक चाचणी बहुधा ४५ दिवसांत उत्तर देते. सरकारी केंद्रातील झटपट चाचणीसाठी तीन महिने धरावेत. उपदंश, म्हणजे आपल्याकडे जिला 'गरमी' म्हणत, तिची जखम १० ते ९० दिवसांत उमटते. ती दुखत नाही आणि आपोआप भरते. रोग मात्र आत राहतो. रक्ततपासणीत तो कळतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. शेवटच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी केलेल्या चाचण्या निर्दोष आल्या, की त्या प्रसंगाची वही मिटावी.

ज्याचे एकाहून अधिक जोडीदार आहेत, त्याने दर तीन ते सहा महिन्यांनी नेमाने तपासणी करावी. निरोधाचा वापर, हिपॅटायटिस बीची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने एचआयव्ही प्रतिबंधक गोळी, जिला 'प्रेप' म्हणतात, ही संरक्षणाची साधने आहेत. प्रेप केवळ एचआयव्हीपासून वाचवते, इतर संसर्गांपासून नव्हे.

घरातल्यांनी काय करावे

मुलाने आपणहून विश्वासात घेतले असेल, तर प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. 'कुणाबरोबर? किती वेळा?' ही उलटतपासणी नको. तो तपशील समुपदेशकाला सांगायचा असतो, आईवडिलांना नव्हे. 'तुला काही झालेले नाही' हे दिवसातून दहा वेळा म्हणणेही टाळावे. असा दिलासा वेदनाशामक गोळीसारखा थोडा वेळ टिकतो आणि पुन्हा मागावा लागतो. त्याऐवजी शांतपणे विचारावे, 'तपासणीची तारीख कोणती ठरली आहे? मी सोबत येऊ का?' तारीख ठरली असेल, तर तोवर दिवसातील पंधरावीस मिनिटे या चिंतेसाठी राखून ठेवावीत आणि एरवी ती डोक्यात आली की 'संध्याकाळी पाहू' म्हणून बाजूला सारावी, असे त्याला सुचवता येईल. हा उपाय आजीआजोबांच्या चिंतेलाही लागू पडतो.

घरात कुणी एचआयव्हीबाधित असेल, तर त्याचे ताट वेगळे करू नये. एकत्र जेवण्याने, कपडे एकत्र धुण्याने, एक शौचालय वापरल्याने, डासाने किंवा पाठीवरून हात फिरवल्याने एचआयव्ही पसरत नाही. दाढीचे पाते आणि दात घासण्याचा ब्रश मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. तो नियम कोणत्याही घरात चांगलाच.

सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, कामावर जाणे थांबले असेल, निर्दोष अहवालांनंतरही चाचण्या सुटत नसतील, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. 'जगणे नको' असे शब्द निघाले, तर त्याच दिवशी मदत मिळवावी आणि त्याला एकटे सोडू नये.

आपल्या वयाच्या वाचकांसाठी

हा विषय केवळ पुढच्या पिढीचा नाही. ज्यांनी आपले मन आयुष्यभर झाकून ठेवले, लग्न केले, मुले वाढवली, असे समलिंगी पुरुष या पाक्षिकाच्या वाचकांतही असतील. साठीनंतर लैंगिक आयुष्याविषयी डॉक्टर विचारत नाहीत आणि रुग्ण सांगत नाही. वजन घटणे, रेंगाळणारा ताप, थकवा हे सारे वयाच्या खात्यावर जमा होते आणि निदान लांबते. आपणही तपासणी मागू शकता; त्यासाठी वयाची अट नाही. विवाहित असाल, तर ही तपासणी पत्नीच्या आरोग्यासाठीही तितकीच महत्त्वाची आहे.

एचआयव्हीची औषधे चालू असतील, तर इतर सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. सध्याच्या उपचारातील डोल्युटेग्राव्हिर या औषधाचा परिणाम कॅल्शियम, लोह आणि आम्लपित्ताच्या काही औषधांमुळे घटतो. म्हणून त्यांच्या वेळांत अंतर ठेवावे लागते. मधुमेहावरील मेटफॉर्मिनचे प्रमाणही तपासून घ्यावे लागते.

कुठे जावे

सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि आधी व नंतर समुपदेशन मिळते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते आणि उपचारांत भेदभाव करता येत नाही. म्हणून दवाखान्यात मान खाली घालून जाण्याचे कारण नाही.

१०९७ या राष्ट्रीय एड्स मदतवाहिनीवर विनामूल्य माहिती मिळते. मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ ही 'टेली मानस' सेवा आहे. मुंबईत १९९४ पासून हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात २००२ साली स्थापन झालेला समपथिक ट्रस्ट यांनी समलिंगी व्यक्तींसाठी काम केले आहे.

घरात हा विषय दबून राहिला असेल, तर येत्या पंधरवड्यात एवढेच करा. निवांत वेळ पाहून मुलाला सांगा, 'तुझ्या आरोग्याविषयी माझ्याशी बोलता येईल. मी घाबरणार नाही आणि रागावणारही नाही.' तो लगेच बोलेलच असे नाही. पण ज्या रात्री त्याला झोप लागणार नाही, त्या रात्री कोणते दार ठोठवायचे हे त्याला ठाऊक असेल.