वही गेली, गाणी राहिली

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर आपल्या अंगात कशी संचारते, ते काय मी सांगायला हवं? काय ठेवू नि काय टाकू असं होऊन जातं. गेल्या दिवाळीआधी मीही पदर खोचला, माळ्यावरची वर्तमानपत्रं आणि शाळेतल्या मुलांच्या जुन्या वह्या खाली काढल्या आणि सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला. वजनात एक पैही सोडली नाही, बरं का! माळा मोकळा झाला म्हणून स्वतःवर खूशही झाले.

संध्याकाळी सासूबाई माळ्याखाली येऊन उभ्या राहिल्या. "माही गान्याची वही पाह्यली का व?"

माझ्या पोटात धस्स झालं. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली एक वही हाताला लागली होती खरी. वर ना नाव, ना गाव. मी ती शाळेचीच समजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच रद्दीवाल्याचं घर गाठलं. पण गठ्ठे आदल्या रात्रीच जानेफळहून मेहकरला रवाना झाले होते.

त्या वहीची किंमत तुम्हाला कळावी म्हणून थोडं मागचं सांगते. ती वही सासूबाईंनी लग्नाआधी, १९६०च्या दशकात सुरू केली होती. त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. साऱ्या आळीत रेडिओ एकच, तोही शेजाऱ्यांच्या ओट्यावर. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम ऐकायला सगळ्या पोरी जेवणं उरकून जमत. एकीने ध्रुवपद टिपायचं, दुसरीने कडवं. सुटलेली ओळ पुढच्या बुधवारी! एक गाणं पुरं व्हायला कधी कधी महिना लागे.

तुम्ही म्हणाल, आपली आकाशवाणी सोडून लंका कशाला? गंमत अशी, की १९५२ साली माहिती व नभोवाणी खातं आपल्याच मराठी बाळकृष्ण केसकरांकडे आलं. त्यांना शास्त्रीय संगीताची ओढ. त्यांच्या काळात सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. मग ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि गाणी घरी परतली. तरी सिलोनची सवय सुटली नाही ती नाहीच. तिथल्या सकाळच्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा शेवट सैगलच्या गाण्याने व्हायचा. कितीतरी घरांत सैगलचा आवाज आला की आठ वाजत आले असं समजून डबे भरले जात. घड्याळाची गरजच नसे.

अशी ती वही, आणि मी ती किलोवर विकली! सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दोन दिवस गप्पच होत्या. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा म्हणाल्या, "रडतं कायले व माय? वही गेली तं गेली, गाने थोडेच गेले! घे कागद. मी सांगतो, तू लिही."

त्या दिवसापासून भाजी निवडण्याच्या वेळेला आमची लिखापढी सुरू झाली. सासूबाई सालाने बोलत नाहीत. "नंदेच्या गडंगनेराच्या दिवशी लागलं होतं ते," अशी त्यांची तारीख! सिनेमाचं साल अडलं तर मी शोधून काढते. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी १९३१च्या 'आलम आरा'पासून १९८०पर्यंतच्या सिनेमांची गाणी 'हिंदी फिल्म गीतकोश'च्या पाच खंडांत नोंदवून ठेवली आहेत. असं वेड घेतलेल्या माणसांमुळेच आज आपल्याला बोटावर माहिती मिळते.

पण हे वेड पुरुषांचंच, असं मी आजवर धरून चालले होते. तबकड्या जमवणारे, सिनेमाची सालं तोंडपाठ सांगणारे, मैफलीत वाद घालणारे, सगळे पुरुष! चुलीपुढे बसून ऐकणारीला कोण रसिक म्हणतो? 'अलबेला'चं (१९५१) नाव निघालं तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "यात लताबाईंबरोबर कुणी चितळकर गायलेत." सासूबाई हसल्या. "तेच तं सी. रामचंद्र! चाल बी त्यायचीच अन् आवाज बी त्यायचाच." खरंच की! पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर संगीत एका नावाने देत आणि गात दुसऱ्या नावाने. बीए झालेली सून गप्प बसली.

आणि नावाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. १९४९च्या 'महल'मधल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा कुठे खरं नाव कळलं. माझ्या सासूबाईंच्या वहीवर तर नाव घातलंच नव्हतं. म्हणून तर ती रद्दीत गेली.

तेव्हा मैत्रिणींनो, या दिवाळीला माळा काढण्याआधी एवढं करा:

* घरातल्या वडीलधाऱ्या बाईला दाखवल्याशिवाय एकही वही रद्दीत टाकू नका.
* जुनी वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, ओल धरते. सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती पिवळी पडते आणि अक्षर खाते. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.
* जुन्या जड काळ्या तबकड्या लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख विरघळते. मऊ कोरड्या फडक्याने पुसा आणि एकीवर एक न रचता उभ्या ठेवा.
* कॅसेट स्पीकरजवळ किंवा चुंबकाजवळ ठेवू नका. वर्षातून एकदा तरी फिरवा.
* गाणं लिहाल तेव्हा खाली सिनेमा, साल, गायक, संगीतकार लिहाच. पण ते कुणी, कुठे, कधी ऐकलं हेही लिहा. बाकी सगळं फोनवर मिळतं, हे तेवढं मिळत नाही.

'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, पण आज त्याची एकही प्रत हाती नाही. एवढ्या मोठ्या वस्तूची ही गत, तर आपल्या घरच्या वहीचं काय!

आमच्या नव्या वहीत आतापर्यंत ११८ गाणी झाली आहेत. काही कडवी अर्धीच आहेत, कारण सासूबाईंना ती आठवत नाहीत आणि दुसरीकडे शोधून घालायला त्या तयार नाहीत. "जेवढं याद हाय तेवढंच लिही," म्हणतात. परवा मी पुठ्ठ्यावर त्यांचं नाव घालायला घेतलं. "माहं कायले?" म्हणाल्या. मग पेन माझ्या हातून घेतला आणि चष्मा लावून स्वतःच लिहिलं, आधी माहेरचं आणि त्याखाली सासरचं.