वीतभर रणगाड्याचा खरेपणा

‘वीतभर रणगाड्यात इतिहास कसला शोधता?’ हा रणगाड्यांच्या प्रतिकृतींविषयीचा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सवाल पटला नाही. १९६५ च्या भारत-पाक युद्धात ‘पूना हॉर्स’ या रणगाडा पलटणीचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर फिलोरा भागात लढले ते सेंच्युरियन रणगाड्यातून. तेव्हाच्या आपल्या सेंच्युरियनवर ८४ मिमीची ‘वीस पौंडी’ तोफ होती. प्रतिकृतीच्या संचात १०५ मिमीची नळी असेल, तर १:३५ मापात नळीच्या आतल्या व्यासाचा फरक जेमतेम ०.६ मिमी. दिसायला किरकोळ, मान्य. पण ती नळी बसवून खाली ‘फिलोरा, १९६५’ अशी पाटी लावली की पाटी खोटी ठरते. पाटीच नको असेल, तर हवा तो रंग द्या, आमची हरकत नाही. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळ्यांशेजारी रणगाडा उभा करणाऱ्या पोरांना कोण अडवतो?

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय जरूर पाहावे. मात्र तिथला रंग युद्धातला समजू नये, कारण प्रदर्शनातली वाहने पुन्हा रंगवली जातात. रंग, खुणा आणि चिखल यांसाठी त्या काळची छायाचित्रेच धुंडाळावीत. जुन्या सैनिकांच्या घरी असे फोटो असतील, तर त्यांच्या मागे वर्ष, ठिकाण आणि पलटण आजच लिहून ठेवावी, ही विनंती.

— एक वाचक, नृसिंहवाडी (जि. कोल्हापूर)