पाव, अर्धा, पाऊण : घरातले अपूर्णांक

तिसरी-चौथीपर्यंत आनंदाने बेरीज-वजाबाकी करणारे मूल अपूर्णांकांचा धडा आला की पुष्कळदा अडखळते. १/४ आणि १/८ यांपैकी मोठा कोणता, असे विचारल्यास ते ठामपणे १/८ हेच उत्तर देते. हे उत्तर चुकीचे असले, तरी अविचाराचे नाही. आठ ही संख्या चारापेक्षा मोठी, हा नियम त्याने तोवर शेकडो वेळा पडताळून पाहिलेला असतो. छेद वाढला की भाग लहान होतो, ही उलटी गोष्ट त्याला हाताने अनुभवायला मिळण्यापूर्वीच वहीत लिहावी लागते. येथूनच ‘मला गणित येत नाही’ ही समजूत मनात घर करू लागते आणि पुढे टक्केवारी, गुणोत्तर, व्याज या प्रत्येक पायरीवर तीच समजूत आडवी येते. म्हणून अपूर्णांकांची ओळख शाळेच्या आधी घरात, आणि तीही खेळातून होणे हिताचे असते.

मराठी घरांत ही ओळख पूर्वी आपोआप होत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मुले तालावर म्हणत. नाण्यांतही अपूर्णांक होते. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून चार आणे म्हणजे पाव आणि बारा आणे म्हणजे पाऊण. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तरी पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले. ते नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून गेले. आज अंधेरी-बोरिवलीतील इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ‘पाऊण’ किंवा ‘अडीच’ म्हणजे किती, हे थांबून विचारावे लागते. वास्तविक पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे स्वतंत्र शब्द असणे हे आपल्या भाषेचे मोठे धन आहे. ‘पावणेनऊला बस येईल’, ‘सव्वाशे रुपये दे’, ‘दीड वाटी रवा घे’ अशी वाक्ये आजी-आजोबांनी मुद्दाम मुलांच्या कानांवर घालावीत. पाठांतराने वेग येतो, अर्थ मात्र वस्तू हाताळल्यानेच उमगतो.

पहिला खेळ स्वयंपाकघरातला. एक खाकरा दोन भावंडांत वाटायचा. खाकरा सरळ मोडत नाही. एक तुकडा मोठा, एक लहान होतो आणि लगेच तक्रार सुरू होते. ही तक्रार म्हणजेच अपूर्णांकांचा पहिला धडा होय. दोन तुकडे झाले म्हणजे अर्धे झाले असे नाही. दोन्ही समान असतील तरच ते अर्धे. मग थेपला किंवा पोळी घ्यावी आणि नियम करावा : एकाने कापायचे, दुसऱ्याने आधी निवडायचे. कापणारा आपोआप काटेकोर होतो. श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे अतिथिसंविभाग. त्यातील ‘संविभाग’ या शब्दाचा, म्हणजे नीट वाटून देण्याचा, बालवयातील पहिला पाठ याच ताटात मिळतो.

दुसरा खेळ कागदाचा. चौकोनी कागद एकदा दुमडला की दोन भाग, दुसऱ्यांदा चार, तिसऱ्यांदा आठ. प्रत्येक घडीनंतर मुलाला विचारावे, भाग वाढले की कमी झाले? आणि एक भाग मोठा झाला की लहान? १/८ हा १/४ पेक्षा लहान, हे सांगण्याची गरजच उरत नाही. पाच घड्यांनंतर बत्तीस भाग होतात. बत्तीस हा आकडा आगमांतील ऊनोदरीच्या वर्णनातही येतो. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास धरून आठ, बारा, सोळा, चोवीस आणि एकतीस घासांच्या पायऱ्या तेथे सांगितल्या आहेत. बत्तीस चणे घेऊन मुलाने त्यांचे पाव, अर्धे व पाऊण काढावे. आठ, सोळा, चोवीस हे आकडे त्यालाच सापडतील. बारा चणे म्हणजे बत्तिसाचा कितवा भाग, हे कोडे मोठ्या भावंडासाठी ठेवावे. (उत्तर ३/८.) खेळ चण्यांचाच असावा, वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातील घास मोजू नयेत.

तिसरा खेळ लोकलमधला. अंधेरीहून धीम्या गाडीने बोरिवलीला जाताना सहा टप्पे लागतात : जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली. टप्पे मोजले तर जोगेश्वरीला १/६ प्रवास झाला, राम मंदिरला २/६ म्हणजेच १/३, आणि गोरेगावला ३/६ म्हणजे अर्धा. एकाच स्थानकाला दोन नावे असू शकतात, हे सममूल्य अपूर्णांकांचे तत्त्व मूल खिडकीतून पाहते. राम मंदिर स्थानक डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी या प्रवासाचे पाचच टप्पे होते आणि बरोबर मध्यावर एकही स्थानक नव्हते. अंतर तेच राहिले, भागांची संख्या बदलली. घाटकोपरहून मुलुंडला जाणाऱ्यांना विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड असे पाच टप्पे मिळतात. स्थानकांमधील अंतरे सारखी नसतात, हे मुलाच्या लक्षात आले तर त्याचे कौतुक करावे. खाकऱ्याचा धडा त्याला नीट कळला आहे.

यापुढची पायरी थोडी सूक्ष्म आहे : भाग कशाचा? लहान पोळीचा अर्धा आणि मोठ्या पोळीचा अर्धा सारखा नसतो. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणांत याचे सुंदर उदाहरण आहे. पोरसी म्हणजे सूर्योदयानंतर एक प्रहर, अर्थात दिवसाचा पाव भाग. साढपोरसी दीड प्रहरांची, पुरिमड्ढ दोन प्रहरांचे आणि अवड्ढ तीन प्रहरांचे. मुंबईत जूनमधला दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमधला सुमारे अकरा तासांचा असतो. त्यामुळे जूनमधील प्रहर तीन तास वीस मिनिटांच्या आसपास आणि डिसेंबरमधील पावणेतीन तासांचा. भाग दोन्ही वेळा पावच, कारण बदलले ते पूर्ण. जैन पंचांगांत या वेळा छापलेल्या असतात. दोन महिन्यांची पाने शेजारी ठेवून मुलाला फरक शोधू द्यावा.

हा प्रश्न विचारण्याची सवय लागली नाही, तर मोठेपणी त्याची किंमत मोजावी लागते. दुकानात ‘आधी ५० टक्के, त्यावर आणखी २० टक्के सवलत’ अशी पाटी पाहून अनेक सुशिक्षितही ७० टक्के सवलत समजतात. हजार रुपयांच्या कपड्याचे आधी पाचशे होतात, नंतरचे २० टक्के त्या पाचशेचे, म्हणून किंमत चारशे. सवलत ६० टक्केच.

गणिताची ही वाट आपल्या परंपरेला नवी नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यातील अपूर्णांकांच्या व्यवहाराला ‘कलासवर्ण’ असे नाव आहे. समच्छेद करण्यासाठी लघुतम साधारण विभाज्य वापरण्याची रीत त्यांनी दिली आणि त्याला ‘निरुद्ध’ म्हटले. या ग्रंथाची हिंदी अनुवादासह आवृत्ती १९६३ मध्ये आपल्या सोलापुरातून निघाली. एक ही संख्या, अंश १ असलेल्या अपूर्णांकांत मांडण्याची त्यांची रीत घरी खेळता येते : १/२, १/३ आणि १/६ मिळून पूर्ण एक. पुढची पायरी १/२, १/३, १/९ आणि १/१८. अठरा चण्यांचे नऊ, सहा, दोन आणि एक असे ढीग करून मुलाने स्वतः मोजून पाहावे.

पालकांनी दोन पथ्ये पाळावीत. खेळाची परीक्षा करू नये. चुकलेल्या उत्तरावर ‘कसे ठरवलेस?’ एवढेच विचारावे आणि वस्तू पुन्हा हातात द्यावी. आणि आडवी रेघ, अंश, छेद यांची घाई करू नये. पाव व पाऊण हे शब्द हातांनी कळल्यावर १/४ आणि ३/४ ही केवळ त्यांची लिहिण्याची पद्धत ठरते. शिकवणीच्या शुल्काने जे भय नेहमीच जात नाही, ते संध्याकाळच्या जेवणाआधीच्या दहा मिनिटांनी आणि मूठभर चण्यांनी जाऊ शकते.