चाकाचा व्यास आणि रस्त्यातील खड्डा

आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गात सध्या एका नव्या उत्साहाला भरते आले आहे. विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारी येऊ घातल्या आहेत. त्यांची किंमत किती, चाके किती इंची, टायर किती रुंद, याची चर्चा दिवाणखान्यापासून चहाच्या टपरीपर्यंत रंगते आहे. हा उत्साह हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. ज्याला गर्दीच्या शहरात रोज कामावर जावे लागते आणि पेट्रोलचा खर्च झेपत नाही, त्याने लहान व धूर न सोडणाऱ्या वाहनाची वाट पाहावी, यात गैर काय? आमची तक्रार उत्साहाबद्दल नाही. त्याच्या दिशेबद्दल आहे.

प्रथम चाकांचाच विचार करू. २००८ साली मोठ्या गाजावाजाने पुढे आलेल्या नॅनोची चाके १२ इंची होती. २०२३ साली बाजारात आलेल्या कॉमेट या विजेच्या मोटारीची चाकेही १२ इंची, टायरची रुंदी १४५ मिलिमीटर आणि मोटारीची लांबी तीन मीटरहूनही कमी. हा काटकसरीचा हिशेब आहे. वाहन हलके असले की बॅटरी लहान पुरते. बॅटरी लहान असली की वाहन आणखी हलके होते आणि टायरही कमी झिजतात. याउलट चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या एक्सईव्ही ९ई या मोटारीची चाके १९ इंची, आणि तिच्या मोठ्या बॅटरीत ७९ युनिट वीज मावते. कॉमेटच्या बॅटरीत सुमारे १७. कचेरीला जाताना दोहोंतही पुष्कळदा एकटाच इसम बसलेला असतो. तरीही वस्तू व सेवा कर दोहोंवर सारखाच, ५ टक्के. रिक्षावाला मात्र झिजलेला टायर बदलावयास गेला, तर सप्टेंबर २०२५ पर्यंत त्याला २८ टक्के कर पडत असे; आता १८ टक्के पडतो. ऐषारामाला सवलत आणि पोटापाण्याच्या साधनाला तिप्पट-चौपट कर, हे कोणत्या समतेच्या तत्त्वात बसते?

लहान चाकांवर पहिला आक्षेप येतो तो खड्ड्यांचा. आक्षेप खोटा नाही. लहान चाक खड्ड्यात अधिक आपटते हे कोणताही रिक्षावाला सांगेल. त्याच्या रिक्षाची चाके तर ८ इंची असतात. पण दोष चाकाचा की रस्त्याचा? रस्ता जनतेच्या पैशाने बांधावयाचा, ठेकेदाराच्या कृपेने तो पहिल्याच पावसाळ्यात उखडावयाचा, आणि त्याचा परिहार नागरिकाने पदरमोड करून मोठी चाके घेऊन करावयाचा, ही कसली व्यवस्था? चाकाचा व्यास वाढवून खड्डा बुजत नाही. तो फक्त ऐपतवाल्याला जाणवेनासा होतो. आणि ज्याला तो जाणवत नाही, तो त्याविरुद्ध आवाजही उठवीत नाही. सरकारी शाळा आणि सरकारी इस्पितळे यांच्या बाबतीत हेच घडले. बोलू शकणारे बाहेर पडले, आणि मागे उरलेल्यांचे कोणी ऐकेना.

दुसरा भ्रम निर्मळपणाचा. विजेची मोटार धूर सोडत नाही आणि तिचे ब्रेकही कमी झिजतात, हे मान्य. परंतु टायर झिजतोच; बॅटरीचे ओझे वाढेल तसा तो अधिक झिजतो. टायरमधील एका रसायनापासून तयार होणारे द्रव्य सिएटलच्या परिसरातील ओढ्यांत सामन माशांचा बळी घेते, असे अमेरिकी संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले. आपल्याकडे टायरची ती धूळ भल्या पहाटे रस्ते झाडणाऱ्या कामगाराच्या छातीत जाते. आणि वीज कोळशाची असेल, तर पुण्या-मुंबईचा धूर नाहीसा होत नाही. तो चंद्रपूरकरांच्या माथी जातो.

आता महाराष्ट्रातील २०२५ सालचाच ताळेबंद मांडू. जानेवारीत एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. मे महिन्यात मुंबईत बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपयांवर गेले. ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना पथकर माफ झाला. विजेच्या बसगाड्यांनाही तो माफ झाला, ते योग्यच. पण त्याच सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला, मग ती विजेवर चालणारी का असेना, पाऊल टाकण्याची मुभा नाही. म्हणजे बसने जाणाऱ्या मोलकरणीने दुप्पट मोजावे आणि मोटारवाल्याने फुकट जावे, असा या हरित धोरणाचा अर्थ झाला. पर्यावरणाचे नाव घेऊन केलेली विषमता ही विषमताच होय.

यास्तव आमचे म्हणणे स्पष्ट आहे. करसवलत द्यावयाची तर ती वाहनाच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात द्या; जो हलका, त्याला अधिक. सवलतीचा पहिला हक्क बसचा, दुसरा रिक्षाचा आणि मालवाहू तीनचाकीचा, आणि सर्वांत शेवटचा खाजगी मोटारीचा. रस्ता उखडला तर त्याची भरपाई ठेकेदाराकडून वसूल करा. छोट्या गाडीची वाट पाहणाऱ्या मित्रांना एवढेच सांगावयाचे आहे की, आपण गाडी जरूर घ्यावी, चाकेही आवडीची घ्यावीत. परंतु जो उत्साह आपण चाकाच्या इंचांवर खर्च करीत आहात, त्याचा चौथा हिस्सा नगरपालिकेच्या दारात खड्ड्यांचा जाब विचारण्यात खर्च केलात, तर १२ इंची चाक आपल्याला पुरेल, आणि रिक्षावाल्याला त्याचे ८ इंची.