फोनवरचे फूट आणि गल्लीतलं पाणी

पावसाळ्यात आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत सकाळचा पहिला प्रश्न एकच असतो, ‘किती फूट झालं?’ राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी, राधानगरीचे उघडलेले दरवाजे, अलमट्टीचा विसर्ग, सगळं फोनवर असतं. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २००५ च्या पुरात अशी सोय नव्हती, त्यामुळे तिचं मोल मी जाणते. पण तिच्यामुळेच आम्ही घर सोडायला उशीर करू लागलो आहोत, असं माझं ठाम मत आहे.

जुलै २०२१ मध्ये पाणी बघता बघता चढलं आणि ५६ फुटांवर गेलं. गल्लीतली तरणी पोरं तेव्हा म्हणत होती, ‘काकू, पुढचा आकडा येऊ दे, मग बघू.’ आकडा आला की त्याच्या पुढच्याची वाट. सासूबाईंच्या वेळी पाणी जामदार क्लबाजवळ आलं की बिछाने माळ्यावर जायचे, म्हातारी माणसं नातेवाइकांकडे. त्यावर चर्चा व्हायची नाही.

बंधाऱ्यावरचा आकडा नदीचा असतो, आपल्या उंबऱ्याचा नसतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, चारही नद्यांचं पाणी आमच्याकडे येतं. खाली नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, पाण्याचा फुगवटा मागं सरकतो. जयंती नाल्यातून पाणी उलटं शिरतं आणि नदीपासून लांब असलेल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतही घरं बुडतात. कुठल्या गल्लीत पाणी आधी येतं, कुठला रस्ता आधी बंद होतो, हे शेजारच्या आजोबांना ठाऊक असतं. पण दहा ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजच्या गर्दीत त्यांना विचारतंय कोण? त्यात २०१९ च्या पुराचे व्हिडिओ दरवर्षी ‘आत्ताचे’ म्हणून येतात आणि खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

महापालिकेनं प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर रंगवावं: बंधाऱ्यावर इतके फूट झाले की इथं पाणी. आणि प्रत्येक घरानं आपला आकडा जूनमध्येच, ऊन असताना ठरवावा. आमचा ४१ आहे. तेवढं झालं की सासूबाईंची औषधं, कागदपत्रं आणि गॅसची टाकी घेऊन दिवसाउजेडी निघायचं, पुढचा मेसेज काहीही सांगो.